रीगातलं रिंगण

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचलेली असती, तर शेवट नक्कीच वेगळा केला असता.

तिशो माझा सख्खा मोठा भाऊ. ओग्न्यान आमचा मामा, आईचा धाकटा भाऊ. जे घडलं ते या दोघांच्या बाबतीत घडलं. मी ते दोघांकडूनही ऐकलंय, एकाला दुसऱ्यासमोर न बसवता. दोघांचं सांगणं जुळलं नसतं, तर मी गप्प बसले असते.

पण ते जुळतं.

डिसेंबर महिना. शहर रीगा, लाटवियाची राजधानी. दुपार नुकतीच सरली होती, पण तिकडे हिवाळ्यात चहाच्या वेळेलाच मिट्ट काळोख पडतो.

आम्ही बल्गेरियातले, प्लेवेनचे. आमचा बाप स्पेनला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. तिशोला वाढवलं मामाने. एका शाळेच्या तळघरात मामा पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. तिशो पहिलीत होता तेव्हापासून त्या तळघरात. मामाचा हात लगेच सुटायचा. चुकलं की एक चापट, रडलं की दुसरी. पण घरात मटण शिजलं की पहिला तुकडा तिशोच्या ताटात पडायचा, हेही तितकंच खरं.

रीगाला एक छोटी स्पर्धा होती. दोन रात्रींचा मुक्काम, जिंकला तर राष्ट्रीय संघात जागा मिळायची आशा. तिशो तेव्हा चोवीसचा होता. पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मामालाही.

दोघांनाही ते शहर नवखं. भाषा कळेना, गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसत. मामाला शाळेत शिकलेलं रशियन येत होतं, त्यावर चाललं होतं. तिशोला तेही धड येत नव्हतं.

आणि मानेची पंचाईत वेगळीच. आमच्याकडे मान वरखाली हलवली की त्याचा अर्थ ‘नाही’. आडवी हलवली की ‘हो’. बाकी जगात उलटं चालतं हे ठाऊक असतं, पण मान काही ऐकत नाही. हॉटेलात सकाळी मुलीने कॉफी हवी का विचारलं. वजन व्हायचं होतं म्हणून तिशोने मान वरखाली हलवली. तिने कप भरला. त्याने पुन्हा हलवली, तिने दुसरा कप आणला.

मामा हसून म्हणाला, “मान खिशात ठेव आता. इथे तोंडाने बोलायचं.”

ते त्याचं त्या दिवसातलं शेवटचं हसणं.

वजन करताना काटा त्याच्या वजनगटाच्या मर्यादेच्या थोडा पुढे गेला. थोडासाच. पण आदल्या दिवशी विमानतळावर तिशोने चोरून गोड पाव खाल्ला होता आणि मामाला ते कळलं. त्याने सगळ्यांसमोर तिशोच्या कानाखाली वाजवली. तिथे पाच-सहा देशांची पोरं उभी होती. कुणीतरी फिसकन हसलं.

मामा थांबला नाही. “बापावर गेलायस,” तो म्हणाला. “तोंड आवरत नाही, आणि वेळ आली की पळ काढायचा.”

बापाचं नाव मामाने याआधी कधीच काढलं नव्हतं.

आयोजकांनी सवलत दिली. संध्याकाळी पुन्हा वजन करू, तोवर घाम गाळून या. सरावासाठी हॉटेलपासून चार गल्ल्यांवर एक जुना हॉल होता. मामाला ताप भरला होता. तो खोलीत जाऊन पडला, तिशो एकटाच निघाला.

हॉल सांभाळायला बिरूता नावाची एक वयस्क बाई होती. तिने दार उघडून दिलं, रिंगणावरचा एकच दिवा लावला आणि बाहेर दाराशी असलेल्या तिच्या खोलीत जाऊन बसली.

आत इतकी थंडी होती की तिशोच्या तोंडातून वाफ निघत होती. भिंतीला लागून ठोसे मारायच्या जड पिशव्या ओळीने टांगलेल्या होत्या.

त्यातली एक... हलत होती.

अगदी हळू. कुणीतरी नुकताच ठोसा मारून बाजूला झाल्यासारखी.

तिशोने जाऊन ती दोन्ही हातांनी थांबवली. दार उघडल्याने वारा आला असेल. त्याने घाम काढायचा प्लास्टिकचा अंगरखा चढवला आणि दोरीवरच्या उड्या सुरू केल्या.

टप. टप. टप.

थोड्या वेळाने त्याला वाटलं, आवाज दुहेरी येतोय. मागच्या अंधारात आणखी कुणीतरी दोरी फिरवतंय.

तो थांबला.

मागचा आवाज... एक उडी जास्त मारून थांबला.

“कोण आहे?” त्याने आपल्याच भाषेत विचारलं. उत्तर आलं नाही. असेल कुणी सरावाला आलेला, असं म्हणून त्याने हातमोजे चढवले, दाताने पट्टे ओढले. मन थाऱ्यावर नव्हतं. कान अजून जळत होता.

तेवढ्यात फोन वाजला. रिंगणाच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवलेला. हातात मोजे, म्हणून त्याने वाकून नाकानेच तो घेतला. आवाज मोठ्याने येईल असं आधीच करून ठेवलं होतं.

मामा होता. घाम आला का, विचारत होता. पाण्याचा थेंबही पिऊ नको, म्हणाला. तिशोने तुटक उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाला, “तू झोप, मामा.”

मामा खोकत राहिला. फोन त्याने बहुतेक उशीपाशी ठेवला असावा. तिशोनेही बंद केला नाही. बंद करायला पुन्हा वाकावं लागलं असतं, आणि त्याला त्या आवाजापुढे वाकायचं नव्हतं.

तो वळला.

आणि रिंगणाच्या दोरांपलीकडे... एक माणूस उभा होता.

उघडा. एवढ्या थंडीत कमरेच्या वर काही नाही. खाली गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी, पट्ट्याने आवळलेली. हातात गडद तपकिरी चामड्याचे मोजे, दोऱ्या मनगटाला गुंडाळलेल्या. नाक साफ चपटं. वय सांगता येईना. तिशो म्हणतो, बघत असताना तो चेहरा दिसायचा, पण पापणी लवली की आठवायचा नाही.

त्याने रिंगणाकडे बोट केलं. मग तिशोकडे. मग भुवया उंचावल्या. दोन हात करायचे का?

तिशोला करायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी लढत होती. त्याने नकार दिला.

मान वरखाली हलवून.

तो माणूस दोर उचलून आत आला.

तिशोच्या चूक लक्षात आली, पण तोवर उशीर झाला होता. शिवाय, खरं सांगायचं तर सकाळपासून कुणाला तरी मारावंसं त्याला वाटतच होतं. समोरच्याने हात वरही केले नव्हते. दोन्ही हात खाली सोडून, हनुवटी पुढे काढून तो उभा होता. घे, मार, असं म्हणत असल्यासारखा.

तिशोने डावा हात टाकला. नुसता अंदाज घ्यायला.

ठोसा बसला. गालावर, नीट बसला.

पण आवाज... आला नाही.

कापसाच्या गादीत हात जावा तसा गेला. त्याने दुसरा मारला, बरगडीवर. मग तिसरा. काहीच नाही. ना मांसाचा आवाज, ना हुंकार. पायांखालच्या फळ्यासुद्धा फक्त तिशोच्याच वाजत होत्या.

आणि त्या माणसाच्या तोंडातून वाफ निघत नव्हती.

हे दिसत होतं, तरी तिशो मारत राहिला. कानाखालची ती चापट, ते फिसकन हसणं, बापाचं नाव, सगळं हातात उतरलं होतं. समोरचा माणूस प्रत्येक ठोसा खात होता आणि एक पाऊल पुढे येत होता. तिशोने खालून उजवा हात पोटात घातला, वरून डावा जबड्यावर आणला. मामाने शिकवलेला डावा. खांदा आधी, मूठ मागून.

धप्प.

आवाज आला. पण समोरून नाही.

स्टुलावरच्या फोनमधून.

तिशो जागच्या जागी थबकला. फोनमधून काहीतरी जड कोसळल्याचा आवाज आला. काच फुटली. मग कुणीतरी ओल्या घशाने श्वास ओढला.

“कोण... कोण आहे?” मामाचा आवाज होता.

तिशोला कळेना. त्याचा हात अजून पुढेच होता. समोरचा माणूस हसला, आणि त्याने आपणहून कपाळ पुढे आणून तिशोच्या मुठीवर आपटलं.

फोनमध्ये मामा ओरडला.

मामाला असं ओरडताना तिशोने जन्मात ऐकलं नव्हतं.

त्याने हात मागे घेतला आणि दोरांकडे धाव घेतली. पाठ वळताच मानेवर असा तडाखा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो माणूस आता मारू लागला होता. आणि त्याचे ठोसे कापसाचे नव्हते. पहिल्याच ठोशात तिशोचा ओठ दातांवर फाटला. दुसऱ्याने बरगडी कडकन वाजली. तिशोने सवयीने हात वर करून तोंड झाकलं.

तर तो माणूस त्या झाकलेल्या मुठींवरच धडका देऊ लागला. एकदा कपाळ, एकदा गाल, एकदा डोळा.

प्रत्येक धडकेला फोनमधून मामाचा आवाज येत होता. दर वेळी थोडा बारीक.

तेव्हा तिशोला कळलं. हात वर असले, तर मामा मरेल.

त्याने हात खाली टाकले.

सांगायला सोपं आहे. पण जो आयुष्यभर हात वर ठेवायलाच शिकलाय, त्याचे हात खाली राहत नाहीत. ठोसा येताना दिसला की आपोआप उठतात. तिशोने दोनदा खाली टाकले, दोनदा ते उठले, आणि दोन्ही वेळा फोनमध्ये मामा कण्हला. शेवटी तो मागे सरकत दोरांपाशी गेला, दोन्ही हात मागून दोरांत घातले आणि पीळ देऊन अडकवून घेतले. आता मनात आलं असतं तरी लवकर निघाले नसते.

मग तो नुसता उभा राहिला.

त्या माणसाने घाई केली नाही. एक डोळ्यावर. एक कानावर. मग खाली बरगड्यांवर, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, लाकूड फोडावं तसं. तिशोच्या नाकाचं हाड मोडलं, तो आवाज त्याने आपल्याच डोक्यात ऐकला. रक्त घशात उतरलं. गुडघे गेले, तो दोरांना लोंबकळला, तरी ठोसे थांबेनात. मध्ये कधीतरी त्याने फोनकडे बघितलं. तिथे फक्त घरघर चालू होती. श्वासाची. त्या घरघरीकडे कान लावून तो मार खात राहिला. ती चालू आहे तोवर चालू दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग हॉलचे सगळे दिवे एकदम लागले.

दारात बिरूता उभी होती. तिचा हात अजून बटणावर होता.

रिंगणात... कुणी नव्हतं.

बिरूता रशियनमध्ये काहीतरी विचारत होती. तिशोने दोरांतून हात सोडवले, तिला ढकललं आणि तसाच, मोज्यांसकट, चार गल्ल्या धावत सुटला.

मामाच्या खोलीला आतून साखळी होती. हॉटेलच्या माणसांनी ती कापली. मामा पलंग आणि भिंतीच्या मधे पडला होता. जबडा मोडलेला. चार बरगड्या तुटलेल्या. उजव्या डोळ्याच्या जागी नुसता लाल चिखल. उशीवर फोन होता, अजून चालू. त्यातून त्या रिकाम्या हॉलचा घुमारा ऐकू येत होता.

पोलिसांनी साहजिकच तिशोला धरलं. भाषा येत नाही, हातांच्या मुठी सुजलेल्या, सकाळी चारचौघांत मामाने कानाखाली दिलेली. पण मजल्यावरच्या कॅमेऱ्यात त्या खोलीकडे कुणी गेलेलं दिसेना. आणि बिरूताने साक्ष दिली. तो पूर्ण वेळ हॉलमध्येच होता, म्हणाली. एकटा. आरडाओरडा ऐकून तिने दाराच्या काचेतून बघितलं होतं. आधी तो हवेत ठोसे मारत होता. मग त्याने स्वतःला दोरांत अडकवून घेतलं, आणि त्याची मान एकदा इकडे, एकदा तिकडे झटकत होती. मला भीती वाटली, म्हणून मी थोडा वेळ दिवे लावलेच नाहीत, असंही ती म्हणाली.

तिशोला त्यांनी सोडलं. सोडण्याआधी पोलिसांच्या डॉक्टरने त्याला तपासलं.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते, असं मला वाटतं.

तिशो सांगत होता, माझं नाक मोडलंय, बरगड्या गेल्यात, ओठ फाटलाय. डॉक्टरने त्याला आरसा दाखवला.

चेहऱ्यावर... एक ओरखडासुद्धा नव्हता.

नाक सरळ. ओठ शाबूत. अंगावर वळ नाही. छातीचा फोटो काढला, एकही हाड मोडलेलं नाही. दुखत मात्र होतं, महिनाभर दुखत होतं.

मामा वाचला. जबडा तारांनी बांधला होता, त्यामुळे बरेच दिवस बोलता येत नव्हतं. बोलायला लागला तेव्हा तिशो त्याच्या पलंगाशी बसला होता.

मामा म्हणाला, “खोलीत कुणी नव्हतं. नुसते ठोसे येत होते. पण तो डावा मी ओळखला. मीच शिकवलाय तो.”

तिशोने सगळं सांगितलं. मामाने मधे तोंड घातलं नाही. शेवटी एका डोळ्याने त्याच्याकडे बघत विचारलं, “मी तुझं नावही घेतलं होतं. ‘तिशो, बस’ म्हणालो होतो. ऐकू आलं नाही?”

“आलं,” तिशो म्हणाला. “पण तू ते माझ्या डोक्यात रोजच म्हणत असतोस. मला वाटलं, तेच.”

मामाने हात लांब केला. तिशोने डोळे मिटून घेतले. पण मामाने फक्त त्याच्या गालावर तळवा ठेवला, आणि तो तसाच ठेवून झोपी गेला.

तळघर आता बंद आहे. तिशो पावाची गाडी चालवतो. रविवारी मामा आमच्याकडे जेवायला येतो, दोघं शेजारी बसतात, मिरचीची चटणी एकाच वाटीतून खातात. त्या दिवसाचा विषय घरात निघत नाही.

पण तिशोला एक प्रश्न सोडत नाही. त्याचे ठोसे मामाला लागले. मग त्याने जे खाल्ले, ते कुणाला लागले?

पोलिसांकडून सुटल्या सुटल्या त्याने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले होते. आईला, मित्रांना, जुन्या मैत्रिणीला, स्पेनच्या बापालासुद्धा, इतक्या वर्षांनी. सगळे धडधाकट. मलाही केला. तू ठीक आहेस ना, विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे. आणि मी ठीकच होते. कुठे दुखत नव्हतं, खुपत नव्हतं.

अजूनही तो लोकांना विचारतो. पाव उतरवताना एखाद्या दुकानदाराचं नाक वाकडं दिसलं, तर हे कधी झालं, म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात वार्नाला एका बाईला तिच्या भुवईवरच्या खुणेबद्दल विचारलं. लहानपणी सायकलवरून पडले, ती म्हणाली. त्याला इतकं हायसं वाटलं की तो तिच्या पायरीवरच बसला.

हे सगळं घडलं, तेव्हा मला पाचवा महिना होता.

माझा मुलगा एप्रिलमध्ये झाला. उचलला की कळवळून रडायचा, म्हणून डॉक्टरांनी फोटो काढला. त्याच्या बरगड्यांना एकाच जागी गाठी होत्या. मोडून, पुन्हा जुळलेल्या हाडांना येतात तशा. नाक जरासं डावीकडे. डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि मला हळूच विचारलं, “घरात तुला कुणी मारतं का?”

मी नाही म्हटलं.

कधी कधी असं जन्मतःच असतं, असं शेवटी त्यांनी लिहून दिलं. असेलही. आता तो तीन वर्षांचा आहे, खातो-पितो, खेळतो. तिशो त्याला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरवतो. नाक कुणावर गेलंय, असं एकदा आईने विचारलं, तेव्हा मी सासऱ्यांचं नाव सांगितलं.

तिशो तेव्हा समोरच होता, पोर त्याच्या कडेवर. त्याने पोराच्या तोंडाकडे बघितलं... जरा जास्तच वेळ बघितलं.

मग कडेवरून उतरवून माझ्याकडे दिलं, आणि हात धुवायला आत गेला.